पाण्यातले जड धातू आणि नॅनोकण: शोधमर्यादेचा गुंता कुठून आला

पाण्यातले शिसं-पाऱ्यासारखे जड धातू रंगबदलावरून ओळखायला सोन्याचे नॅनोकण वापरतात. अशा कणांच्या लाल कलिलाचा (पाण्यात तरंगत्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणाचा) शास्त्रीय अभ्यास १८५७ सालचा, आणि सायट्रेट वापरून ते बनवण्याची पद्धत १९५१ ची. आज तिचं प्रचलित रूप असं: १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लाचं १०० मिलि द्रावण उकळत ठेवायचं, जोरात ढवळत त्यात ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटचं १० मिलि द्रावण एका दमात ओतायचं. पिवळा रंग जातो, द्रावण काळपट होतं आणि काही मिनिटांत गडद लाल. कण साधारण १३ नॅनोमीटरचे. भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेली नसली तर सोनं काचेवरच्या जुन्या डागांवर जमतं आणि सगळी खेप जांभळट निघते.

संवेदक म्हणून या कणांचा खरा इतिहास १९९६ नंतरचा. त्या वर्षी डीएनएच्या धाग्यांनी सोन्याचे कण एकमेकांना बांधता येतात आणि तसं झालं की लाल रंग निळसर होतो, हे दाखवलं गेलं. २००३ मध्ये शिशामुळे तुटणारं डीएनए वापरून शिसं ओळखलं गेलं. २००७ मध्ये पाऱ्याची पाळी आली: डीएनएतल्या थायमिन या घटकाच्या दोन रेणूंमध्ये पाऱ्याचा आयन घट्ट बसतो, हा त्यामागचा आधार. त्या पद्धतीची शोधमर्यादा (ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) होती १०० नॅनोमोलर, म्हणजे लिटरला सुमारे २० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यातल्या अकार्बनी पाऱ्यासाठी जागतिक मार्गदर्शक मूल्य आहे लिटरला ६ मायक्रोग्रॅम. त्यामुळे पुढची सगळी धडपड आकडा खाली आणण्याची झाली, आणि 'शोधमर्यादा' या शब्दाचा गुंता तिथेच सुरू झाला.

रूढ व्याख्या सोपी आहे: ब्लँकच्या (धातू नसलेल्या नमुन्याच्या) वाचनांचं प्रमाण विचलन, म्हणजे ती किती मागेपुढे होतात ते, त्याची तिप्पट, भागिले कॅलिब्रेशन रेषेचा उतार (धातू वाढला की वाचन किती वाढतं ते). समजा, ६५० आणि ५२० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर मोजतो आहोत; कण गोळा होऊन निळसर झाले की ते वाढतं. शुद्ध पाण्यात विचलन ०.००४ आणि उतार दर मायक्रोग्रॅममागे ०.०१२ आला, तर शोधमर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. आता तेच नदीच्या पाण्यात करा. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे कण धातू नसतानाही थोडे गोळा होतात, म्हणून विचलन ०.०१२ पर्यंत चढतं. ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणारी) कणांवर थर धरून गोळा होणं अडवतात, म्हणून उतार ०.००६ वर येतो. मर्यादा झाली ६, नेमकी मार्गदर्शक मूल्याइतकी. दोन्ही आकडे व्याख्येनुसार बरोबर आहेत, पण शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात बहुधा पहिलाच छापला जातो. हे आम्हाला गैर वाटतं, कारण कुणी नमुना आणतो तो विहिरीचा किंवा नदीचा असतो.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. कण गोळा होण्याचा आलेख सरळ नसतो. सुरुवातीला जवळजवळ सपाट, मग एकदम चढ. चढावरचा उतार घेऊन सपाट भागातली मर्यादा काढली, तर जिथे रंग हललाच नाही तिथेही धातू 'सापडतो'.

तिसरी अडचण नमुना गोळा करतानाच येते. धातूंच्या तपासणीसाठी पाणी नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून ठेवतात, नाहीतर शिसं-पारा बाटलीच्या भिंतींना चिकटतात. पण त्या आम्लात सायट्रेटवेष्टित सोनं धातूशिवायच निळं पडतं, आणि आम्ल उदासीन केलं की तयार होणारं मीठही तेच करतं. शिवाय मार्गदर्शक मूल्यं एकूण धातूची असतात. संवेदकाला मात्र मोकळा आयन दिसतो. क्लोराइडशी किंवा ह्युमिक द्रव्यांशी बांधलेला पारा निसटतो.

नंतर कार्बन बिंदू (कार्बनचे प्रकाशमान नॅनोकण) आले, कागदी पट्ट्या आल्या, मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग वाचणंही आलं. कॅडमियमच्या क्वांटम बिंदूंनी (अर्धवाहकाच्या चमकत्या नॅनोकणांनी) पाणी तपासण्यावर कण विरघळून कॅडमियम पाण्यात जाण्याचा आक्षेप आहे, तो रास्त आहे. शोधमर्यादेबाबत मात्र प्रामाणिक उपाय जुनाच आहे: त्याच पाण्याचे चार भाग करायचे, त्यांत ०, ५, १० आणि १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर धातू मिसळायचा आणि उतार त्याच पाण्यात मोजायचा, तोही आलेख सरळ आहे तेवढ्याच भागात.