इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या विभागांतील विंगर

विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने, टचलाइन धरून खेळणारा आक्रमक खेळाडू. आपल्याकडचे जुने खेळाडू त्यालाच लेफ्ट आउट किंवा राइट आउट म्हणतात. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली इंग्लिश फुटबॉल लीगचे, म्हणजे ईएफएलचे, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन विभाग आहेत. प्रत्येकात २४ असे एकूण ७२ क्लब त्यांत खेळतात. त्यांच्याखाली पाचव्या पायरीवर नॅशनल लीग आणि सहाव्या पायरीवर तिचे उत्तर व दक्षिण विभाग येतात. ‘खालचे विभाग’ असे म्हटले की बहुधा लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीग अभिप्रेत असतात. या पातळीवर विंगर हा संघातला सर्वांत वेगवान माणूस असतो, आणि प्रशिक्षकाने खेळाची आखणी बदलली की सर्वांत आधी जागा जाते तीही त्याचीच. त्याच्या कारकिर्दीतले बहुतेक चढउतार या दोन गोष्टींतून समजतात.

जागेचा इतिहास

दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आक्रमक अशा जुन्या रचनेत दोन टोकांना दोन विंगर ठरलेले असत. उजवीकडच्याची जर्सी ७ क्रमांकाची, डावीकडच्याची ११ क्रमांकाची. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडने बाद फेरीत अस्सल विंगर न खेळवता जिंकला. त्यानंतर अनेक प्रशिक्षकांनी विंगरला मधल्या फळीत ओढले आणि चार-चार-दोन रचनेतला बाजूचा मध्यरक्षक करून टाकले. खालच्या विभागांत मात्र विंगर टिकला. ग्रॅहम टेलर यांच्या वॉटफर्डने १९७८ ते १९८२ या काळात चौथ्या विभागातून पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागापर्यंत मजल मारली आणि १९८२–८३ मध्ये तिथे दुसरे स्थान मिळवले. चेंडू लवकर पुढे टाका, बगलेतून गोलक्षेत्रात आणा, हे त्या संघाचे सूत्र होते. नायजेल कॅलहॅन आणि १९८१ मध्ये हौशी फुटबॉलमधून आलेले जॉन बार्न्स हे त्याचे विंगर.

प्रवेश

नेहमीचा मार्ग असा: वयाच्या १६ व्या वर्षी क्लबच्या अकादमीत दोन वर्षांची शिष्यवृत्ती आणि १८ व्या वर्षाच्या आसपास पहिला व्यावसायिक करार, किंवा ‘तुला ठेवत नाही’ असा निरोप. निरोप मिळाला म्हणून सगळे संपत नाही, आणि विंगरच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. वेग कुठल्याही मैदानावर दिसतो, त्यामुळे निवड करणारे या जागेसाठी हौशी आणि अर्धव्यावसायिक लीगमध्येही शोध घेतात. मॅट जार्व्हिस मिलवॉलच्या युवा संघातून सुटल्यावर जिलिंगहॅमला गेले, २००७ मध्ये वुल्व्ह्‌जकडे आले आणि मार्च २०११ मध्ये घानाविरुद्ध इंग्लंडकडून खेळले. मिकेल अँटोनियो टूटिंग अँड मिचमसारख्या छोट्या क्लबातून २००८ मध्ये रेडिंगला आले. गॅरथ मॅक्लीरी जानेवारी २००८ मध्ये ब्रॉम्लीतून नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेले. जॅरड बोवेन हेरफर्ड युनायटेडकडून पाचव्या पायरीवर खेळत होते. तो क्लब बुडायला लागला तेव्हा, २०१४ मध्ये, हल सिटीने त्यांना घेतले. ७ जून २०२३ रोजी प्राग येथे युरोपा कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात फियोरेन्टिनाविरुद्ध ९० व्या मिनिटाला वेस्ट हॅमचा विजयी गोल केला तो त्यांनीच.

उलट दिशेनेही रहदारी असते. मोठे क्लब आपले तरुण विंगर लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसने, खाली पाठवतात. टॉटनहॅमच्या अँड्रॉस टाउनसेंड यांनी २००९ मध्ये यओव्हिलपासून सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत नऊ क्लबांत लोनवर खेळले. खालच्या क्लबाच्या स्वतःच्या विंगरला ही स्पर्धा जड जाते. लोनवर आलेल्या मुलाच्या पगाराचा काही भाग वरचा क्लब सोसतो, म्हणून तो स्वस्तात पडतो.

कामाचे स्वरूप

चेंडू घेताना विंगरने शरीर अर्धे वळवून, गोलच्या बाजूच्या दूरच्या पायावर घ्यायचा असतो. पाठ करून जवळच्या पायावर घेतला तर फुलबॅक, म्हणजे समोरच्या संघाचा कडेचा बचावपटू, मागून चिकटतो आणि चेंडू परत मागे देण्याशिवाय मार्ग उरत नाही. समोरासमोर आल्यावर फुलबॅकच्या पुढे टाकलेल्या पायाच्या रोखाने जायचे. त्या बाजूला वळायला त्याला एक पाऊल जास्त लागते, आणि तेवढ्यात क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, निघायला हवा.

क्रॉसचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला लवकर मारलेला, बचावफळी आणि गोलरक्षक यांच्या मधल्या पट्ट्यात वळणारा. दुसरा गोलरेषेपर्यंत जाऊन जमिनीलगत मागे ओढलेला. तिसरा उंच, दूरच्या खांबाकडे जाणारा. खालच्या विभागांत उंच सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मध्यभागी खेळणारा) सर्रास असल्यामुळे तिसरा प्रकार वरच्यापेक्षा जास्त दिसतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे जवळच्या पहिल्या बचावपटूलाच चेंडू लागणे. त्याची कारणे साधी असतात: चेंडू पायाखाली फार जवळ राहिलेला, आधाराचा पाय चेंडूला खेटून पडलेला, किंवा मारण्याआधी मान वर करून आत कोण आहे हे न पाहिलेले. कॉर्नर आणि बाजूच्या फ्री किकही बहुधा विंगरच मारतो. या विभागांत बरेच गोल अशा ठरवून मारलेल्या चेंडूंवर होतात, त्यामुळे चांगला कॉर्नर मारणारा विंगर खराब फॉर्मातही संघात राहतो.

मागे धावणे हा कामाचा दुसरा अर्धा भाग. चेंडू पलीकडच्या बगलेत असला की त्याने आत सरकून मधल्या खेळाडूंजवळ यायचे, आपल्या बगलेत आला की समोरच्या फुलबॅकला थेट कोपऱ्यापर्यंत सोबत करायची. खालच्या पातळीवरचा प्रशिक्षक संघ निवडताना ‘हा मागे येतो का?’ हा प्रश्न आधी विचारतो. तो कंजूषपणा नव्हे. दोन विरुद्ध एक अशी अडचण झालेला फुलबॅक एका सामन्यात दोन गोल देऊन बसतो.

जीपीएसच्या बनियनवरून मोजणी होते तेव्हा ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वरचे धावणे ‘वेगवान’ आणि २५ च्या वरचे ‘स्प्रिंट’ धरले जाते. या दोन्ही रकान्यांत विंगरचे आकडे बहुधा संघात वरचे असतात. म्हणूनच ६० व्या ते ७० व्या मिनिटाच्या सुमारास बाहेर येणाऱ्यांत त्याचा क्रमांक वर असतो. २०२२–२३ पासून ईएफएलमध्ये पाच बदल्या मिळू लागल्यावर दोन्ही विंगर एकदम बदलण्याची पद्धत वाढली.

हंगाम

लीगचे ४६ सामने, ऑगस्टच्या सुरुवातीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. त्यात लीग कप, ईएफएल ट्रॉफी आणि नोव्हेंबरमध्ये पहिल्या फेरीपासून एफए कप यांची भर. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री पुन्हा सामना, असे आठवडे सलग येतात. प्लिमथ आणि कार्लाइल एकाच विभागात असले तर एका बाजूचा बसप्रवास सहाशे किलोमीटरहून जास्त होतो. मांडी आखडून एवढे बसून उतरल्यावर पूर्ण वेगाने धावणे हे विंगरसाठी सेंटर बॅकपेक्षा कितीतरी धोक्याचे. डिसेंबर-जानेवारीत मैदाने जड होतात, आणि रुतणाऱ्या चिखलात पहिल्या दोन पावलांचा वेग निम्मा वाया जातो. कृत्रिम गवत नॅशनल लीगमध्ये चालते, ईएफएलमध्ये नाही; २०२० मध्ये हॅरोगेट टाउनला आणि २०२१ मध्ये सटन युनायटेडला बढती मिळताच आपली मैदाने उखडून खरे गवत लावावे लागले.

करार

एक किंवा दोन वर्षांचा करार ही या पातळीवरची रीत, आणि तो ३० जूनला संपतो. मूळ साप्ताहिक पगारावर सामन्यात उतरल्याचे, विजयाचे, गोलचे आणि बढतीचे वेगवेगळे बोनस असतात. सह्या करताना तीन गोष्टी नीट वाचाव्या लागतात. क्लबची खालच्या विभागात पदावनती झाली तर पगार कापण्याचे कलम आहे का? एक वर्ष वाढवण्याचा पर्याय फक्त क्लबच्या हाती आहे, की ठरावीक सामने खेळल्यावर वाढ आपोआप होते? आणि ते ‘सामने’ म्हणजे सुरुवातीपासून खेळलेले, की बदली म्हणून उतरलेलेही? जो माणूस अर्धा हंगाम ७० व्या मिनिटाला उतरतो, त्याच्यासाठी या शेवटच्या शब्दावर वर्षभराची कमाई ठरते.

हंगाम संपला की प्रत्येक क्लब कुणाला ठेवले आणि कुणाला सोडले याची यादी जाहीर करतो. २४ वर्षांखालच्या खेळाडूला क्लबने आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींचा नवा करार देऊ केला असेल, तर तो दुसरीकडे गेल्यावर जुन्या क्लबाला भरपाई मिळू शकते. त्यामुळे २३ वर्षांचा विंगर घ्यायला छोटे क्लब कचरतात. २४ नंतर मोकळा झालेला खेळाडू मात्र युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालाच्या तत्त्वानुसार पैशांच्या अडथळ्याविना जातो. जुलैपर्यंत क्लब मिळाला नाही तर हंगामपूर्व सरावसामन्यांत ‘ट्रायलिस्ट’, म्हणजे चाचणीवरचा खेळाडू, म्हणून खेळायचे. संघाच्या यादीत त्याचे नावही छापत नाहीत, फक्त ‘ट्रायलिस्ट’ एवढेच असते.

१९६१ पर्यंत पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने, पीएफएने, ती उठवली. ही संघटना १९०७ मध्ये मँचेस्टरला स्थापन झाली तेव्हा तिच्या पुढाऱ्यांत बिली मेरेडिथ होते, आणि तेही विंगरच. ऑगस्ट २०२० मध्ये लीग वनच्या संघाला वर्षाला २५ लाख आणि लीग टूच्या संघाला १५ लाख पौंड अशी एकूण पगाराची मर्यादा आली. पीएफएने दाद मागितल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये ती रद्द झाली.

क्लबच बुडाला तर? बरी नावाचा क्लब २०१९ च्या वसंतात लीग टूमधून वर चढला आणि त्याच ऑगस्टमध्ये लीगमधून काढला गेला. खेळाडूंचे पगार त्याआधीपासून थकले होते. दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेलेल्या क्लबाने लीगमध्ये राहायचे तर खेळाडूंची देणी पूर्ण चुकती करावी लागतात, पण क्लबच उरला नाही तर या नियमाचा आधार तोकडा पडतो. पगार थकला की खेळाडू लेखी नोटीस देऊन करारातून बाहेर पडू शकतो. हे पाऊल उशिरा उचलणाऱ्यांची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलण्याची मुदत, हुकते.

दुखापत

विंगरची खास दुखापत हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो तेव्हा जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच नडगीला ब्रेक लावत असतो. तो तिथेच फाटतो. हलकी इजा दोन-तीन आठवड्यांत भरते, कंडरेपर्यंत गेलेली तीन महिने किंवा जास्त घेते. दुखणे थांबले म्हणजे ताकद आली असे समजून परतणारा पुन्हा जायबंदी होतो. छोट्या क्लबात फिजिओ एक-दोनच आणि संघ लहान, म्हणून ही घाई तिथे जास्त.

प्रतिबंधासाठी नॉर्डिक व्यायाम करतात. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता धड शक्य तितके सावकाश पुढे झुकवायचे. हंगामापूर्वी ५ वेळांच्या २ संचांपासून सुरू करून ८ ते १० वेळांच्या ३ संचांपर्यंत न्यायचे, हंगामात आठवड्यातून एकदा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो करू नये, कारण त्याने मांडी दुखरी होते.

तिशीनंतर

तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव व आक्रमण दोन्ही करणारे) अशी रचना आली की विंगरची जागाच नाहीशी होते. मग विंगबॅक व्हायचे, आत सरकायचे किंवा क्लब बदलायचा. अँटोनियो फुलबॅक म्हणून खेळले आणि अखेर सेंटर फॉरवर्ड होऊन वेस्ट हॅमचे प्रीमियर लीगमधले सर्वाधिक गोल करणारे खेळाडू झाले. विम्बल्डनपासून सुरुवात केलेले जोबी मॅकनफ वेग ओसरल्यावर आत, मधल्या फळीत सरकले. २०१८–१९ मध्ये लेटन ओरिएंटने नॅशनल लीग जिंकली तेव्हा ते कर्णधार होते, आणि २०२१ मध्ये त्याच क्लबाचे काही महिने हंगामी प्रशिक्षकही.

ज्यांना हे जमत नाही ते तिशीत सहाव्या पायरीवर जातात. तिथे बरेच क्लब अर्धवेळ असतात: आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, दिवसा नोकरी. पीएफए आपल्या सदस्यांना शिक्षणासाठी अनुदान देते, आणि सॅलफर्ड विद्यापीठातून फिजिओथेरपीची पदवी घेऊन अनेक जुने खेळाडू क्लबांच्या उपचारकक्षांत परतले आहेत.