डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला: लगेच उघडायचे की थांबायचे?

दबलेले गालाचे हाड उचलून जागेवर बसवायचे, यावर दुमत कधीच नव्हते. मतभेद होते ते वाटेबद्दल. 1909 मध्ये तोंडातून, वरच्या हिरडीलगत छेद घेऊन हाड उचलण्याची पद्धत पुढे आली. 1927 मध्ये इंग्लंडमधून दुसरी आली: कानशिलावर केसांत लहान छेद घ्यायचा आणि तरफ हाडाखाली सरकवायची. दोन्ही आजही वापरात आहेत. पण गालाच्या हाडाबरोबर अनेकदा डोळ्याच्या खोबणीचा तळही फुटतो; तो दोन्ही वाटांनी दिसत नाही, आणि खरा गुंता तिथेच आहे.

काठ शाबूत राहून तळ फुटण्याला दिलेले 'ब्लो-आउट' हे नाव 1957 चे. शवाच्या मिटलेल्या पापण्यांवर चेंडू ठेवून हातोड्याचा घाव घातला, तेव्हा खोबणीचा काठ शाबूत राहिला आणि तळ फुटला. आतला दाब वाढून पातळ तळ खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडामागच्या पोकळीत, कोसळतो, असा निष्कर्ष निघाला. काठावरच्या मारानेच तळ वाकून मोडतो, हे त्याआधीचे मत मागे पडले. आज दोन्ही कारणे मानली जातात. माझ्या मते त्या नावानेच घाई लावली. फुटलेला तळ लगेच दुरुस्त करणे हाच शिरस्ता झाला.

1974 मध्ये अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी उलट बाजू मांडली. शस्त्रक्रियेविनाही बहुतेकांचे दुहेरी दिसणे ओसरते, आणि शस्त्रक्रियेत दृष्टी गमावण्याचा धोका असतोच. या ओढाताणीतून 'दोन आठवडे थांबा' हा नियम रुळला. सूज उतरू द्यायची; दुहेरी दिसणे टिकले, डोळा 2 मिमीहून जास्त आत गेला किंवा निम्म्याहून अधिक तळ फुटला असेल, तरच उघडायचे. सीटी स्कॅनमुळे हे मोजमाप शक्य झाले.

मोठ्यांसाठी नियम शहाणपणाचा आहे, पण मुलांवर तो जसाच्या तसा लावणे घातक. मुलांचे लवचीक हाड चिरते, झडपेसारखे परत मिटते आणि स्नायू त्यात चिमटतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूज जेमतेम. स्नायू चिमटल्याने होणाऱ्या उलट्या आणि मंद नाडी पाहून डोक्याला मार लागल्याचीच शंका येते. 1998 मध्ये अशा मुलांचे वर्णन 'पांढऱ्या डोळ्याचा ब्लो-आउट' या नावाने आले. इथे थांबले तर स्नायू कायमचा आखडतो.

तळाकडे जायला पापणीच्या त्वचेतला छेद सोपा, पण पुढे पापणी खाली ओढली जाण्याची भीती असते. 1970 च्या दशकात पापणीच्या आतून जाण्याची वाट रुळू लागली; तिथे व्रण दिसत नाही. पुढे हाडे बांधायच्या तारेची जागा टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रूंनी घेतली. प्लेट लावायची तर हाड डोळ्यांना दिसावे लागते, म्हणून छेद वाढले: हिरडी, भुवईची कड, पापणी. आता बरेच सर्जन आधी हिरडीतून हाड बसवतात, आणि तळाला गरज असेल तरच पापणीला हात लावतात.