पाण्याखालच्या माशीची पार्श्वभूमी

इ.स. 200च्या सुमारास रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेयस नदीवरची मासेमारी वर्णिली आहे. तिथल्या माशांना एक नदीकाठची माशी फार आवडे, पण ती हातात धरली की तिचा रंग उतरे आणि मग मासे तिला शिवत नसत. म्हणून लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. वेट फ्लायचा, म्हणजे पाण्याखाली बुडून चालणाऱ्या नकली माशीचा, हा फार जुना लेखी पुरावा.

इंग्लंडमध्ये 1496 साली विंकिन द वर्डने छापलेल्या मासेमारीवरच्या प्रबंधात अशा 12 माश्यांच्या कृती आहेत. पुढे 1676मध्ये चार्ल्स कॉटनने डर्बीशरच्या डव्ह नदीवरच्या अनुभवातून ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशासाठी माश्या बांधण्याचं तपशीलवार शिक्षण दिलं.

खरी उलथापालथ मात्र केली ती एडिनबराच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने, 1857 साली. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. तेव्हा त्याच्या मागून, खालच्या बाजूने जावं आणि आखूड दोरीने माशी प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकावी, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या ‘स्पायडर’ माश्यांना पंख नसतातच. काळ्या स्पायडरला तपकिरी रेशीम आणि स्टार्लिंग पक्ष्याचं मऊ पीस, एवढंच. हे मऊपणच मोलाचं. कडक पीस पाण्यात ताठ राहतं. मऊ पिसाचे तंतू प्रवाहात उघडतात, मिटतात, आणि पृष्ठभागाकडे धडपडणारा किडा जिवंत भासतो. यॉर्कशरची ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ याच घराण्यातली: नारिंगी रेशमाचं बारीक अंग आणि गळ्याशी तित्तिराच्या पिसाचे एक-दोन वेढे. तिसरा वेढा घालण्याचा मोह बांधणाऱ्याने आवरावा; दाट पिसात हालचालच गुदमरते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण इंग्लंडच्या संथ, नितळ चुनखडी नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या माशीचा पुरस्कार केला. 1886च्या त्याच्या पुस्तकानंतर तिथे बुडती माशी कमी दर्जाची मानली जाऊ लागली. हा मला त्या परंपरेवरचा अन्याय वाटतो. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने इचेन नदीवर उलट अनुभव घेतला आणि 1910मध्ये तो मांडला: ट्राउट बहुतांश खाणं पाण्याखालीच उरकतो. त्यावरचा वाद 1938पर्यंत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये गाजत होता. उत्तरेकडच्या उसळत्या, पावसावर फुगणाऱ्या नद्यांवर मात्र स्पायडर बांधणं कधी थांबलंच नाही.