दुरुस्तीवाल्यांच्या गप्पांतून उभं राहिलेलं ‘युरेका’

कॉपियर बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. माउस, पडद्यावरच्या खिडक्या, सगळं त्यात होतं. त्याचं मोल कंपनीला उमगलं नाही; १९७९ मध्ये तिथे येऊन गेलेल्या अ‍ॅपलच्या मंडळींना उमगलं. हा किस्सा अनेकांना पाठ असतो. त्याच केंद्रातलं दुसरं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९८०च्या दशकात तिथले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. कंपनीच्या समजुतीप्रमाणे काम सरळ होतं: मशीनवर त्रुटीचा कोड दिसला की पुस्तिका उघडायची आणि सांगितलेला भाग बदलायचा. प्रत्यक्षात कोडच कधी कधी भलतीकडे बोट दाखवायचा. अशा वेळी दोघे तंत्रज्ञ जुन्या मशीनच्या हकिगती एकमेकांना सांगत बसत आणि त्यातूनच खरा बिघाड हाती लागे. वरिष्ठांना रिकामा वेळ वाटावा अशा नाश्त्याच्या टेबलावरच्या गप्पा म्हणजे खरं तर त्यांची शाळा होती.

याच निरीक्षणांवर संशोधक जॉन सीली ब्राउन आणि पॉल ड्यूगिड यांनी १९९१ मध्ये लेख लिहिला. काम, शिकणं आणि नावीन्य यांना वेगळं काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी जपानचे व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका माणसांच्या अंगात मुरलेल्या, न लिहिलेल्या ज्ञानाविषयी लिहीत होते. त्यांचं उदाहरण मात्सुशिता या जपानी कंपनीच्या घरगुती पाव बनवणाऱ्या यंत्राचं. कणीक मळण्याची खुबी कळावी म्हणून अभियंत्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या बेकरकडे शिकायला गेल्या होत्या.

झेरॉक्समध्ये या विचारातून ‘युरेका’ उभं राहिलं, म्हणजे तंत्रज्ञांच्या दुरुस्तीच्या युक्त्यांचा सामायिक संग्रह; सुरुवात फ्रान्समधून. तिथले तंत्रज्ञ स्वतःच्या युक्त्या आधीपासूनच वहीत टिपून ठेवत. आता ती युक्ती सगळ्यांसाठी नोंदवायची, पण आधी अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची. चुकीच्या सल्ल्याने ग्राहकासमोर फजिती होते, त्यामुळे ही चाळणी गरजेचीच होती. चांगल्या युक्तीला पैसे द्यावेत, असं व्यवस्थापनाला वाटत होतं. तंत्रज्ञांनी नको म्हटलं. बक्षिसापायी युक्त्यांची संख्या वाढेल आणि दर्जा घसरेल, ही त्यांची शंका. त्यांना युक्तीखाली स्वतःचं नाव हवं होतं, आणि ते मिळालं.