लांबच्या मालकाकडून जुनी ट्रॉली घेताय? पात्रता, कागदपत्रे आणि नाव ट्रान्सफरची प्रक्रिया

गाळप हंगाम संपत आला की बीड, जालना, परभणी, धाराशिव भागात जुन्या ट्रॉल्यांची शोधाशोध सुरू होते. गावातली ट्रॉली सगळ्यांच्या माहितीतली असते, पण भाव जास्त सांगतात. मग व्हॉट्सअॅपवर अकलूज, कराड, सांगलीकडचे फोटो येतात, सीमेपलीकडून बीदर-विजयपूरचेही येतात. भाव बरा वाटतो, फोनवर सौदा ठरतो आणि ट्रॉली गावात येते. पुढे आरटीओत गेल्यावर कळतं की मालकाची एक सही राहिली, किंवा ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातोय आणि तो फोन उचलत नाही.

म्हणून पहिल्यांदाच सांगतो: विकणाऱ्याची सही, त्याचा ओटीपी आणि त्याच्या बँकेचा कागद ज्या-ज्या कामाला लागतो, ते काम ट्रॉली त्याच्या दारातून हलायच्या आधी उरकून घ्या. बाकीचं आपल्या आरटीओत निवांत करता येतं.

ट्रॉलीला स्वतःची आरसी असते

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर, म्हणजेच आपली ट्रॉली, हे स्वतंत्र वाहन आहे. ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रही वेगळं. "ट्रॅक्टरचे कागद आहेत ना, त्यातच ट्रॉली आली" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि ट्रॉलीचा नंबर मागा.

गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या, कधीच पासिंग न झालेल्या ट्रॉल्या पुष्कळ आहेत. त्या स्वस्त मिळतात, पण त्यांचं नाव ट्रान्सफर होऊच शकत नाही, कारण आरटीओच्या नोंदीत ती ट्रॉलीच नाही. नव्यानं नोंद करायची म्हटलं तर अधिकृत उत्पादकाचा विक्री दाखला (फॉर्म २१) आणि रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला (फॉर्म २२) लागतो. वर्कशॉपवाल्याची पावती त्याच्या जागी चालत नाही. अशी ट्रॉली लांबून आणण्याच्या भानगडीत पडू नये असंच माझं स्पष्ट मत आहे.

आरसीवरचा वाहन प्रकारही नीट वाचा. 'ट्रेलर (अॅग्रिकल्चरल)' असेल तर ती शेतमालासाठी आहे. 'ट्रेलर (कमर्शियल)' असेल तर फिटनेसचा दाखला लागतो: वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. शेतीच्या नोंदीची ट्रॉली भाड्यानं वाळू-वीट वाहायला लावली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला हाच मुद्दा काढते. घेतानाच आपला वापर कोणता ते ठरवा.

कोणाला घेता येते

पात्रतेची मोठी अट नाही. महाराष्ट्रात राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता आणि त्याचा पुरावा हवा. शेतीची ट्रॉली म्हणून नावावर करायची असेल तर सातबारा आणि आठ-अ जवळ ठेवा, विचारतात. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून देता येतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं यांत्रिकीकरणाचं अनुदान नव्या औजारांसाठी आहे. जुन्या ट्रॉलीवर ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

टोकन पाठवायच्या आधी

मालकाला आधी एकच प्रश्न विचारा: आरसी कोणाच्या नावावर आहे? बऱ्याचदा फोनवर बोलणारा तिसऱ्या हाताचा मालक निघतो. त्यानं ती कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन घेतलेली असते आणि आरसीवरचा माणूस कुठं आहे याचा त्याला पत्ता नसतो. असा सौदा लांबून करूच नका.

नंबर मिळाला की परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये टाका. वाहन प्रकार, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, बोजा म्हणजे कर्जाची नोंद आहे का, हे तिथं दिसतं. बिगर-व्यावसायिक वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर नूतनीकरण आधी विकणाऱ्याकडून करून घ्या. ई-चलन थकलेलं असेल तर तेही त्यानंच भरायचं. चोरीच्या वाहनांच्या नोंदीत नंबर आहे का, हे एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे-नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस सिटिझन सर्व्हिसेस पोर्टलवर तपासता येतं.

ट्रॉली न बघता टोकन मागणाऱ्यांत फसवे लोक भरपूर आहेत. "मी फौजेत आहे, बदली झालीय, ट्रॉली ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी गाडीभाडं टाका" ही त्यांची ठरलेली भाषा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. उशीर होईल तशी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी होत जाते.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी

ट्रॉलीला इंजिन नाही, त्यामुळे इंजिन नंबर नाही आणि पीयूसीही लागत नाही. तिची ओळख म्हणजे फक्त चासी नंबर. तो बहुधा सांगाड्याच्या लोखंडावर पुढच्या बाजूला, हुकाच्या दांडीजवळ कोरलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या ग्रीस-मातीखाली दडलेला असतो. जाताना डिझेलचं फडकं आणि पॉलिश पेपर न्या. जागा चकाचक पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो ठसा आरसीशी एकेक आकडा लावून बघा. आरटीओतही ठसा लागतो, म्हणून दोन-तीन काढून ठेवा. नंबराभोवती वेल्डिंगचा पट्टा दिसला, आकडे एका ओळीत नसले किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग असला तर सौदा सोडा. पाटे, हब, बेअरिंग पैशानं बदलता येतात. खाडाखोड केलेला चासी नंबर घेऊन मात्र तुम्ही पोलीस ठाण्यात उभे राहाल.

मालकाकडून काय घेऊन निघायचं

मूळ आरसी, चालू विम्याची प्रत, कर भरल्याचा पुरावा, कमर्शियल असेल तर फिटनेस, आधार आणि पॅनची सही केलेली प्रत. त्याबरोबर फॉर्म २९ म्हणजे विक्रीची सूचना, दोन प्रतींत, आणि फॉर्म ३० म्हणजे मालकी बदलाचा अर्ज, ज्याचा पहिला भाग विकणारा भरतो व दुसरा घेणारा. सह्या कोऱ्या फॉर्मवर घेऊ नका. नंबर, चासी, तारीख आणि तुमचं नाव भरूनच सही घ्या, आणि ती आरसीवरच्या सहीशी जुळते का बघा.

आरसीवर बोजा असेल तर बँकेची किंवा पतसंस्थेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवाच. कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही. "कर्ज कधीच फिटलंय" हे खरं असेलही, पण नोंदीवर बोजा आहे तोवर उपयोग शून्य. मोठी रक्कम बोजा उतरल्यावरच द्या.

आरसीवरचा मालक वारलेला असेल आणि मुलगा विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ नं ट्रॉली वारसाच्या नावावर व्हायला हवी. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, इतर वारसांची संमती, हे सगळं त्यांच्याच आरटीओत. ते होईपर्यंत थांबा. आपल्याकडे वडिलांच्या, आजोबांच्या नावावरच्या ट्रॉल्या इतक्या आहेत की हा प्रश्न हमखास येतो.

आणि ओटीपी. पोर्टलवर अर्ज करताना वाहन नंबर, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि आरसीशी जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो. मालकाचा जुना नंबर बंद असेल तर त्याच्यासमोर बसून पोर्टलवर मोबाईल नंबर अपडेट करून घ्या. शक्य असेल तर नाव ट्रान्सफरचा अर्जही तिथूनच भरा, म्हणजे पुढं त्याच्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि उद्या वाद झाला तर खात्यावरची नोंदच कामी येते. स्टॅम्पवर करारनामा जरूर करा, महाराष्ट्रात आता तो ५०० रुपयांचा लागतो. पण नोटरी केलेल्या करारानं आरटीओत मालकी बदलत नाही. "स्टॅम्पवर घेतलीय" म्हणून कैक ट्रॉल्या वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरताहेत. विकणाऱ्यालाही हे पटवून सांगा: नोंदीवर नाव राहिलं तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. हे ऐकल्यावर टाळाटाळ करणारा माणूसही सह्या द्यायला तयार होतो.

अर्ज कुठं, किती दिवसांत

ट्रॉली महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर तोच राहतो. एमएच-४५ ची, म्हणजे अकलूजची, ट्रॉली बीडमधल्या केजला आली तरी एमएच-४५ च. विकणाऱ्यानं १४ दिवसांत फॉर्म २९ आपल्या आरटीओत द्यायचा आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत स्वतःच्या आरटीओत अर्ज करायचा. फी वाहनाच्या वर्गाप्रमाणे पोर्टलवरच दिसते, पावती जपून ठेवा.

कर्नाटक किंवा तेलंगणातून आणायची असेल तर काम वाढतं. विकणाऱ्यानं फॉर्म २८ नं तिथल्या आरटीओची एनओसी काढायची. कर बाकी नाही आणि चोरीची नोंद नाही हे बघून ती मिळते. अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवायचा असं कायद्यात आहे, आणि अशा विक्रीची सूचना द्यायला विकणाऱ्याला ४५ दिवस असतात. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, ही एक गोष्ट पाळली तरी निम्मा त्रास वाचतो. इथं आल्यावर फॉर्म २७ नं महाराष्ट्राचा नंबर घ्यायचा, लागू असेल तो कर भरायचा आणि ट्रॉली मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची. दुसऱ्या राज्यातलं वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवलं तर नवा नंबर घेणं बंधनकारकच आहे.

ट्रॉली घरी आणताना आणि नंतर

अकलूजहून टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा, कळंब करत केजपर्यंत ट्रॅक्टरला जोडून आणायची तर दिवसाउजेडीच निघा. फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी निघायच्या आधी लावा. मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात दुचाकी आदळून माणसं जातात, हे आपण दर हंगामात पाहतो. शे-दोनशे रुपयांच्या पट्टीसाठी कोणाच्या घरचं माणूस जाऊ नये.

विम्यासाठी कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करा. नुसता ट्रॅक्टरचा विमा पुरेसा समजू नका. ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत छापलेला आहे का ते बघा, नसेल तर हप्ता भरून नोंद करून घ्या.

नवी आरसी झाली की डिजिलॉकरमध्ये काढून नाव, पत्ता, चासी नंबर आणि बोजाचा रकाना तपासा. उतरलेला बोजा कधीकधी तसाच दिसत राहतो. तसं झालं तर फॉर्म ३५ ची प्रत आणि फीची पावती घेऊन लगेच त्याच कार्यालयात जा, आणि नव्या आरसीची एक प्रत जुन्या मालकालाही पाठवून द्या.