मेटल पेडल: वरून चढवायचं कव्हर की बोल्टने कसायचं पॅड?

‘मेटल पेडल सेट’ म्हणून जे विकलं जातं त्यात मुळातच वेगळ्या अशा दोन वस्तू असतात, आणि फोटोवरून त्या ओळखू येत नाहीत. चकचकीत ॲल्युमिनियम, त्यात भोकं, भोकांत काळे रबरी ठिपके. पुढून दोन्ही सारखीच दिसतात. त्यातलं एक असतं गाडीच्या मूळ रबरावर वरून चढवायचं कव्हर. दुसरं असतं मूळ रबर काढून पेडलच्या लोखंडी पट्टीला बोल्टने कसायचं पॅड. फरक सगळा मागच्या बाजूला आहे: ही वस्तू पेडलला कशाच्या आधाराने धरून राहते, यात. माझं मत आधीच सांगतो. ब्रेकवर नुसतं चिमट्याने धरलेलं कव्हर कधीही नको. ॲक्सिलरेटरवर मात्र बोल्टचा हट्ट आजच्या बहुतेक गाड्यांत चुकीचा ठरतो. त्यामुळे सेट एकच असला तरी प्रत्येक पेडलचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

कव्हर हातात घ्या आणि आधी उलटं करून बघा. स्वस्त कव्हरच्या मागे दोन-चार इंग्रजी एल आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांना छोटे स्क्रू. कव्हर रबरावर ठेवायचं, पट्ट्या पेडलच्या मागच्या कडेत अडकवायच्या आणि स्क्रू आवळायचे, एवढंच काम. काही कव्हरांत पट्ट्याही नसतात. पत्र्याच्याच कडा मागे वळवलेल्या असतात आणि त्या पेडलवर सरकवायच्या असतात. दोन्ही प्रकारांत धातू आणि पेडल यांच्यामध्ये मूळ रबर तसंच राहतं. रबर दबतं, उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतं, वर्षागणिक आकसतं. ज्याच्यावर स्क्रूचा ताण टिकायचा तीच वस्तू मऊ आहे. आज घट्ट वाटलेलं कव्हर काही महिन्यांनी हलतं त्यामागे बसवणाऱ्याचा आळस नसतो, जोडणीची रचनाच तशी असते.

इथे बरेच जण फसतात. कव्हर बसवल्यावर पायाने जोरात दाबून बघतात आणि म्हणतात, पक्कं आहे. सरळ दाबून कुठलंच कव्हर निघत नाही, उलट ते आणखी घट्ट बसतं. खरी परीक्षा आडव्या धक्क्याची असते. अचानक ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून नीट मधोमध ठेवला जात नाही. तो बाजूने सरकत येतो, बुटाची कड पेडलच्या कडेला आपटते आणि मग सगळा जोर पडतो. तो जोर किती असतो? कारच्या ब्रेकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत, नियम क्रमांक १३-एच मध्ये, चाचणीसाठी पेडलवरच्या बळाची कमाल मर्यादा ५०० न्यूटन धरली आहे. म्हणजे साधारण पन्नास किलो वजन पेडलवर ठेवल्यासारखं. घाबरलेला माणूस त्याहूनही जास्त दाबू शकतो. एवढा जोर तिरपा आला की मागच्या पट्ट्या रबरावरून घसरतात, कव्हर फिरतं, आणि पाय नेमका नको त्या क्षणी निसटतो. निघालेलं कव्हर ब्रेकच्या मागे जाऊन अडकलं तर पेडल पूर्ण खालीच जाणार नाही.

म्हणून परीक्षा अशी करा: कव्हरच्या कडेला अंगठा लावून ते आडवं, मग वर, मग खाली ढकला, आणि कोपऱ्यात धरून पिळा. केसभर जरी हललं तरी ते ब्रेकवरून काढून टाका.

कव्हरांचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला वरची टीका लागू होत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या वरच्या मॉडेलमध्ये जी धातूची पेडलं देतात ती बहुतेक वेळा रबराचंच पॅड असतात, फक्त त्याच्या पुढच्या तोंडात स्टीलचा पातळ पत्रा बसवलेला असतो. मूळ रबर काढायचं आणि हे नवं रबर पेडलच्या पट्टीवर ताणून चढवायचं. त्याचा ओठ पट्टीच्या चारही कडांना मागून धरतो, मूळ रबर धरायचं तसाच. आपल्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं असं पॅड मिळत असेल आणि पेडलची पट्टी त्याच मापाची असेल, तर या संपूर्ण विषयातला तो सगळ्यात शहाणा पर्याय आहे. बसवताना पट्टीला तेल किंवा ग्रीस लावू नका. साबणाचं पाणी पुरतं, ते वाळून जातं. ओठ चारही बाजूंनी मागे गेला आहे का हे बोट फिरवून तपासा. वरची कड दिसते, खालची दिसत नाही, आणि चूक नेमकी खाली राहते.

आता बोल्टचं पॅड. हे बहुधा घन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेलं असतं, अनेकदा ६०६१ या मिश्रधातूचं, तीन-चार मिलिमीटर किंवा अधिक जाड. धातू धातूवर थेट बसतो, मध्ये मऊ काही नसतं, त्यामुळे बोल्टचा ताण टिकतो. रबर निघून गेल्याने पेडलची उंचीही फारशी बदलत नाही. स्पर्धेच्या गाड्यांत धातूची पेडलं आली ती याच रूपात. रबराचा मऊपणा मधून गेला की ब्रेक कुठे पकडतो ते पायाला थोडं स्पष्ट कळतं. वरून चढवलेल्या कव्हरने हा फायदा मिळत नाही, कारण त्याच्याखाली रबर तसंच असतं. दिसणं मिळतं, तेवढंच.

पण बोल्टचं पॅड चांगलं ठरतं ते नीट बसवलं तरच, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एका बोल्टवर पॅड फिरतं, म्हणून निदान दोन हवेत. ब्रेकवर तीन असतील आणि ते एका रेषेत नसतील तर उत्तम. पॅड जागेवर धरून खूण करा, पंच मारा म्हणजे ड्रिल घसरणार नाही, आधी बारीक भोक पाडा आणि मग मोठं. ५ मिलिमीटरच्या बोल्टला साडेपाचचं भोक पुरतं. पेडलचा दांडा पट्टीला जिथे वेल्ड केलेला असतो त्या जागी भोक पाडू नका. ड्रिल चालू करण्याआधी खाली जुनी चादर पसरा. लोखंडाचा भुसा गालिच्यात गेला की सहज निघत नाही, गंजतो आणि डाग पाडतो. भोकाच्या उघड्या कडेला रंगाचा हात द्या, कारण ओलसर बुटांमुळे तिथे पाणी पोचतं आणि लोखंड-ॲल्युमिनियमच्या सांध्यात गंज लवकर धरतो. नट नायलॉनच्या कड्याचा घ्या आणि एकदा उघडला की तोच पुन्हा वापरू नका. बोल्टचं डोकं पॅडच्या पृष्ठभागाच्या खाली बसलं पाहिजे, नाहीतर बुटाचा तळवा त्यात अडकतो.

मागचं शेपूट हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुणी बघत नाही. नटाच्या बाहेर बोल्टचे एक-दोन आटे दिसले म्हणजे पुरे. उरलेला बोल्ट कापून कानस मारा. लांब शेपूट रोजच्या वापरात कशालाच लागत नाही आणि म्हणून सगळं ठीक वाटतं. पण कारच्या ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किट असतात, म्हणजे ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणारे दोन वेगळे मार्ग. त्यातलं एक निकामी झालं तर दुसऱ्यावर गाडी थांबवता येते, फक्त पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. त्या दिवशी तो वाढीव बोल्ट जमिनीला टेकला, तर उरलेलं सर्किटही पूर्ण दाबता येणार नाही. वर्षानुवर्षं न लागणारी ती खालची जागा मोकळीच ठेवायची असते.

ॲक्सिलरेटरचं गणित उलटं आहे. ज्या जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटर केबलने इंजिनला जोडलेला असे त्यांत तो लोखंडी दांडा असायचा आणि त्याला भोक पाडणं चालून जायचं. आता तो बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा एकसंध भाग असतो आणि त्याच्याच वरच्या डबीत पेडलची जागा मोजणारे दोन सेन्सर असतात. दोन अशासाठी, की एकाने चुकीचं सांगितलं तर ते दुसऱ्याशी ताडून इंजिनच्या कॉम्प्युटरला कळावं. या प्लॅस्टिकच्या मागे बळकटीसाठी फासळ्या असतात. भोक फासळीतून गेलं तर तिथूनच चीर जाते. शिवाय बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर धातूसाठी बनवलेलं असतं, आणि काही प्लॅस्टिकना ते तडे पाडतं. हे नीट माहीत नसलेले हात नेमकं तेच भरपूर लावतात. ॲक्सिलरेटरवर पायाचा जोर ब्रेकच्या मानाने अगदी कमी असतो, टाच जमिनीवर टेकलेली असते, आडवा धक्काही क्वचित. म्हणून इथे त्याच मॉडेलसाठी घडवलेलं, चारही बाजूंनी घट्ट बसणारं कव्हर हेच योग्य. कुठल्याही गाडीला चालेल असं सांगून विकलेलं कव्हर मात्र इथेही नको. आणि जाड, जड पॅडही नको. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं हे खरं, तरी पेडल परत वर आणणारी स्प्रिंग मूळ वजन धरूनच बसवलेली असते.

लांबीकडेही बघा. २००९ मध्ये पायाखालच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळे टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या. त्या दुरुस्तीत मॅट बदलण्याबरोबर पेडलचा आकारही बदलला होता, त्याचं खालचं टोक आखूड केलं होतं, म्हणजे ते आणि मॅट यांच्यात अंतर राहील. एवढ्या मोठ्या कंपनीला पेडलचं टोक कापावं लागलं. आणि आपण दिसायला छान म्हणून मूळ पेडलच्या खाली दोन बोटं लोंबणारं कव्हर लावतो! कव्हर असो वा पॅड, ते मूळ पेडलच्या खाली उतरता कामा नये. मॅट हुकात अडकलेली हवी आणि तिच्यावर दुसरी मॅट नको.

रुंदीचा प्रश्नही असाच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातलं अंतर आणि उंचीतला फरक विचार करून ठरवलेला असतो. पेडलांच्या मांडणीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत क्रमांक ३५ चा स्वतंत्र नियमच आहे. दोन्ही पेडलं बाजूंनी थोडी थोडी रुंद केली की जाड बूट एकदम दोन्हींवर पडू शकतो. फक्त ब्रेक उंच झाला आणि ॲक्सिलरेटर तसाच राहिला, तर पाय वळवताना बुटाचं टोक ब्रेकच्या कडेखाली अडकतं. वरून चढवायच्या कव्हरांत ही चूक जास्त होते, कारण त्यांची जाडी रबराच्या जाडीवर चढते.

क्लचला ब्रेकचेच नियम लावा. डाव्या पायाच्या विसाव्याच्या पट्टीवर काहीही लावा, ती हलत नाही.

पकडीबद्दल एकच सांगतो: ओल्या तळव्याखाली गुळगुळीत धातू घसरतो, म्हणून पकड त्या रबरी ठिपक्यांतून किंवा भोकांच्या उचललेल्या कडांतूनच येते. ठिपके मागून अडकवलेले हवेत. नुसते चिकटवलेले असतील तर नखाने उचलून बघा, लगेच कळतं. एखादा पडला की पॅड बदलायची वेळ झाली.

काम झाल्यावर गाडी जागेवरच उभी ठेवून, इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबा. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि पेडलच्या तळाशी किकडाउनचा खटका (पूर्ण दाबल्यावर गाडीला खालच्या गिअरमध्ये आणणारा) असेल तर तोही लागला पाहिजे. मग पाय झटकन काढा, पेडल लगेच आणि पूर्ण वर यायला हवं. ब्रेक दाबून सोडा आणि मागे जाऊन बघा, किंवा कुणाला तरी उभं करा: ब्रेकचे दिवे विझले का? पेडलच्या वरच्या टोकाशी असलेला स्विच पेडल पूर्ण परत आल्यावरच दबतो. दिवे पेटलेलेच राहिले तर पेडल कुठेतरी अडतं आहे. टॉर्च घेऊन मान खाली घाला आणि ते कुठे ते शोधा. आठवडाभर गाडी चालवल्यावर सगळे नट पुन्हा पान्ह्याने तपासा, आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला हे पॅड बाहेरून बसवलेलं आहे हे सांगा, नाहीतर त्याची नजर तिकडे जाणार नाही.