मदतीची रक्कम नेमकी कुठे खर्च होते?

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांना मदत म्हणून द्यावी, हे १९७० मध्ये ठरले. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कसारख्या मोजक्या देशांनी ते पाळले, बहुतेकांनी कधीच मनावर घेतले नाही. शीतयुद्ध संपल्यावर हात आखडले गेले. २००० नंतर ओघ वाढला, लसीकरण आणि एड्ससाठी स्वतंत्र जागतिक निधी उभे राहिले. २००५ चा उच्चांक मात्र जपून वाचावा. त्यात इराक आणि नायजेरियाची माफ केलेली कर्जे धरलेली होती.

खरा वाद आहे तो निर्वासितांवरील खर्चाचा. स्वतःच्या देशात आलेल्या निर्वासितांवर पहिले बारा महिने केलेला खर्च विकास मदतीत धरायला १९८८ च्या नियमाने मुभा दिली. रक्कम किरकोळ होती तोवर त्याचा फारसा बोभाटा झाला नाही. पुढे सीरियातून आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक युरोपात आले. २०१६ मध्ये एकूण मदतीपैकी जवळपास ११ टक्के आणि २०२२ मध्ये १४ टक्क्यांहून अधिक रक्कम देणाऱ्यांच्याच घरात खर्च झाली. ब्रिटनमध्ये तर २०२२ साली मदतीच्या दर १०० पौंडांतले सुमारे २९ पौंड देशाबाहेर गेलेच नाहीत, त्यातले बरेचसे निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांच्या बिलांत गेले. तिथे एकूण मदतीवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्याची मर्यादा होती. सरकारने वरून काही रक्कम दिली, तरी आफ्रिका-आशियातल्या कार्यक्रमांना कात्री लागलीच. निर्वासितांना आसरा दिलाच पाहिजे, पण त्याचा खर्च गरीब देशांच्या खाती टाकणे अन्यायाचे आहे. ऑस्ट्रेलिया आणि लक्झेंबर्ग हा खर्च मदतीत धरत नाहीत, म्हणजे हे टाळता येते.

२०२३ मध्ये मदत २२३ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. २०२४ मध्ये ती, महागाई वजा जाता, सुमारे ७ टक्क्यांनी घटली. निर्वासितांवरचा खर्च कमी झाला हे त्यामागचे एक कारण. पण अत्यंत गरीब देशांना थेट मिळणारी मदतही सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाली. मग २०२५ उजाडले. अमेरिकेने आपली परदेशी मदत यंत्रणा १ जुलैपासून गुंडाळली, ब्रिटनने २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर येण्याचे जाहीर केले. इथिओपियातल्या भीषण दुष्काळानंतर, १९८५ मध्ये, अमेरिकेच्या पैशावर उभी राहिलेली उपासमारीची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था २०२५ च्या जानेवारीअखेर ठप्प झाली. ती पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागले, आणि तेही अंशतःच.